सीगेट बाराकुडा २ टीबी : जुन्या डेस्कटॉपच्या पोटात कशी बसते, कशी चालते

दहा-पंधरा वर्षांपूर्वी असेंबल केलेला डेस्कटॉप अजून चालतोय, आत जी३१, जी४१ नाहीतर एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड आहे आणि मूळच्या ५०० जीबी डिस्कची पट्टी लाल झाली आहे. अशा मशीनला दुसरी डिस्क म्हणून सीगेटची बाराकुडा २ टीबी, मॉडेल एसटी२०००डीएम००८, चालेल का? चालेल. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, टॅलीचे बॅकअप, स्कॅन करून ठेवलेले कागद यांसाठी निवड योग्य आहे. विंडोज त्याच डिस्कवर टाकायचा बेत असेल तर मात्र थांबा. 'मशीन फार संथ झालंय' हे दुखणं कुठलीही फिरती डिस्क बरं करत नाही. त्यावर २४० जीबीची साधी सॅटा (म्हणजे नेहमीच्या डिस्क-केबलने बोर्डाला जोडायची) एसएसडी, फिरणारा भाग नसलेली डिस्क, हाच उपाय. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर आधी एसएसडी घ्या, बाराकुडा पुढच्या महिन्यात.

डिस्क ७२०० आरपीएमची, कॅश २५६ एमबी, वेग जास्तीत जास्त सेकंदाला २२० एमबी. तोही तबकडीच्या बाहेरच्या कडेला. आतल्या कडेकडे जाताना जवळपास निम्म्यावर येतो. खोक्यावर सॅटा ३ असतं आणि जी३१, जी४१ बोर्डांवर सॅटा २ असतो, म्हणून अनेक जण बिचकतात. बिचकायचं कारण नाही. सॅटा २ची मर्यादा सेकंदाला ३०० एमबी आहे आणि ही डिस्क तिथवर पोचतच नाही. सॅटा १चा बोर्ड असेल तर १५० एमबीला अडेल, तेवढंच. खरा अपवाद व्हिआयए व्हीटी८२३७ चिपच्या फार जुन्या बोर्डांचा. त्यातल्या बऱ्याच चिपना आपल्यापेक्षा वेगवान डिस्कशी बोलणंच जमत नाही आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्राममध्ये, डिस्क दिसत नाही. अशा बोर्डावर नवीन डिस्कचा नाद सोडा, नाहीतर पीसीआय सॅटा कार्ड लावा.

या डिस्कबद्दल दुकानदार सहसा न सांगणारी गोष्ट म्हणजे ती एसएमआर आहे. अशा डिस्कमध्ये डेटाचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून कमी तबकड्यांत जास्त माल मावतो. पण कौलारू छपरातलं मधलं कौल बदलायचं तर वरची कौलं उचलावी लागतात. इथेही एक ट्रॅक पुन्हा लिहायचा तर शेजारचे वाचून, बदलून परत लिहावे लागतात. डिस्क हे काम लगेच करत नाही. नवा डेटा आधी एका राखीव भागात उतरवून घेते आणि मोकळा वेळ मिळाला की जागेवर लावते. त्यामुळे ४०-५० जीबीचं फोल्डर टाकताना काही जाणवत नाही. डिस्क बरीच भरल्यावर लाखभर लहान फायली एकदम टाकल्या किंवा जुन्या पुसून लगेच तिथेच नव्या टाकल्या, की वेग धाडकन पडतो आणि कॉपीच्या खिडकीतला आलेख जमिनीला टेकतो. डिस्क बिघडलेली नसते, मागचं आवरत असते. वाचताना असा त्रास नाही. सी ड्राइव्हला, रेडला (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याला) आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला ही डिस्क म्हणूनच देऊ नये. डीव्हीआरसाठी सीगेटचीच स्कायहॉक किंवा डब्ल्यूडीची पर्पल आहे. तुमची गरज १ टीबीत भागणार असेल तर एसटी१०००डीएम०१० ही जुन्या पद्धतीची, ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली सीएमआर डिस्क आहे, ती घ्या.

अजून एक आकडा डेटाशीटमध्ये दडलेला आहे : वर्षाला २४०० तास चालवणं गृहीत धरलंय. म्हणजे दिवसाला साडेसहा तास. घरच्या मशीनला ते पुष्कळ झालं, पण सायबर कॅफेच्या किंवा दुकानात रात्रंदिवस चालू असलेल्या संगणकाला नाही.

मग ४ टीबी का नको? एमबीआर या डिस्कच्या विभागणीच्या जुन्या पद्धतीत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरले तर सुमारे २.२ टीबी होतात. २ टीबीची डिस्क त्यात सहज मावते, त्यामुळे साध्या बायोसच्या, जुन्या विंडोजच्या मशीनला तिचा त्रास नाही. ४ टीबी एमबीआरवर लावली तर विंडोज २०४८ जीबी वापरू देईल आणि उरलेले सुमारे १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली पडून राहतील. विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची केली की पूर्ण डिस्क मिळते, पण तिच्यावरून विंडोज बूट करायला यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, लागतं आणि ३२ बिटच्या एक्सपीला जीपीटी कळतच नाही. त्यात इंटेलचा जुना रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर असेल तर ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दाखवतो. ड्रायव्हर अपडेट केल्याशिवाय आकडा सुधारत नाही. हे सगळं टाळायचं तर जुन्या मशीनसाठी २ टीबी ही सोयीची हद्द आहे. बसवल्यावर विंडोज १.८१ टीबी दाखवेल. कुणी खाल्लेले नाहीत. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.

सुटी विकली जाणारी डिस्क बहुतेकदा नुसत्या चंदेरी पिशवीत येते. केबल नाही, स्क्रू नाहीत. त्याच फेरीत सॅटा डेटा केबल घ्या, दोन्ही टोकांना धातूची चाप असलेली, साधारण दीड फुटाची. आणि चार स्क्रू, जाड आट्याचे. डीव्हीडी रायटरचे स्क्रू बारीक आट्याचे असतात. ते हार्ड डिस्कच्या भोकात दोन वेढे जातात आणि मग अडतात, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेले. स्क्रू ५-६ मिमीपेक्षा लांब नको, खालच्या बाजूने लावणार असाल तर मुळीच नको.

एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्याला, सॅटा पॉवरचा मोकळा प्लग आहे का, तेही आधीच पाहा. जुन्यांना एक-दोनच असतात, बाकी चार पिनांचे पांढरे मोलेक्स. मग मोलेक्स-टू-सॅटा जोडणी लागते, आणि ही स्वस्तातली वस्तू निवडताना नीट बघा. सॅटा टोकाचं प्लास्टिक एकसंध ओतलेलं आणि तारा थेट आत गेलेल्या दिसल्या तर परत ठेवा. आतल्या तारा नीट अंतरावर बसलेल्या नसल्या तर तापून इन्सुलेशन वितळतं, १२ आणि ५ व्होल्ट एकमेकांना भिडतात, डिस्क जळते आणि कधी खरोखरच धूर निघतो. मागचं झाकण उघडता येणारं, एकेक तार वेगळी दाबून बसवलेली जोडणी घ्या.

बसवताना मशीन बंद करून वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण एसएमपीएस ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन चालू ठेवतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं ज्या घरांत होतं तिथे अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून किंचित गळती पत्र्यावर येते. आधी तो सॉकेट दुरुस्त करा, डिस्कचं मग बघू. डिस्क हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा आणि डिस्क कडांना धरा, खालच्या हिरव्या पाटीला बोट नको.

ही डिस्क नेहमीच्या २६ मिमीऐवजी जेमतेम २० मिमी जाड आहे. बाजूची भोकं नेहमीच्याच उंचीवर असतात, म्हणून रॅकमध्ये बसते, वर फट राहते एवढंच. काही नव्या डिस्कना बाजूचं मधलं भोक नसतं; तुमचा रॅक आखूड असून नेमकं तेच भोक वापरत असेल तर एका बाजूला एकच स्क्रू लागतो. खालच्या भोकांनी बसवणं बरं. दोन्ही बाजूंना दोन-दोन असे चार स्क्रू आधी सैल लावा, मग आळीपाळीने घट्ट करा. एकाच बाजूच्या दोन स्क्रूंवर डिस्क लटकवली की पत्रा गुणगुणतो. जुन्या डिस्कला चिकटून बसवू नका, मध्ये एक कप्पा रिकामा सोडा. लेबलवर झाकू नका असं लिहिलेलं बारीक छिद्र हवेसाठी असतं, त्यावर स्टिकर नको.

केबल लावताना एल आकाराची खाच जुळवा. उलटी लागतच नाही, जबरदस्तीने मात्र आतली प्लास्टिकची जीभ तुटते, आणि ती तुटली की सोन्याच्या पट्ट्या अधांतरी लोंबकळतात. बोर्डावर ग्राफिक्स कार्डाखाली सॅटाचे दोन पोर्ट झाकलेले असतील तर कार्ड काढून केबल लावा. विंडोजची डिस्क आहे त्याच पोर्टवर राहू द्या, नवी पुढच्या रिकाम्या पोर्टवर. आणि केबल प्रोसेसरच्या पंख्याला घासत नाही ना, तेही बघा.

चालू केल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही असा संदेश आला तर घाबरू नका. जुन्या बायोसला नवीन डिस्क दिसली की तो कधीकधी तिलाच पहिला मान देतो. बूट मेनूत 'हार्ड डिस्क ड्राइव्हज' अशी वेगळी यादी असते. तिच्यात जुनी डिस्क वर आणा. नुसता 'फर्स्ट बूट डिव्हाइस : हार्ड डिस्क' एवढा बदल पुरत नाही, बहुतेक जण इथेच अडकतात.

डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल तर पोर्ट बंद असण्याची शक्यता मोठी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या रिफर्बिश्ड डेल ऑप्टिप्लेक्स ७४५, ७५५, ७८० मशीनमध्ये हे हमखास होतं : सेटअपच्या 'ड्राइव्हज' विभागात रिकामा सॅटा पोर्ट 'ऑफ' असतो, तो 'ऑन' करावा लागतो. जी३१, जी४१ बोर्डांवर बायोसमधलं आयडीई (डिस्कशी बोलण्याचा जुना मोड) कॉन्फिगरेशन 'एन्हान्स्ड' हवं. 'कम्बाइन्ड'वर असेल तर काही पोर्ट गायब होतात. त्यांच्या आयसीएच७ चिपला एएचसीआय हा नवा मोड नसतोच, ते शोधत बसू नका. दुसऱ्या एखाद्या बोर्डावर तो पर्याय दिसला, तरी चालू विंडोजवर आयडीईचं एएचसीआय करू नका. पुढच्या स्टार्टला निळी स्क्रीन, ०x७बी. फिरत्या डिस्कला आयडीई मोडमध्ये फार काही कमी पडत नाही.

विंडोज सुरू झालं की 'माय कॉम्प्युटर'मध्ये नवीन डिस्क दिसणार नाही, कारण ती अजून कोरी आहे. रनमध्ये डिस्कएमजीएमटी.एमएससी चालवा, एमबीआर निवडून इनिशियलाइज करा, काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, बाकी सगळं डिफॉल्ट. 'क्विक फॉरमॅट'ची खूण पहिल्या वेळी काढा. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितं, म्हणजे प्रत्येक सेक्टरची फुकट परीक्षा होते. साडेतीन-चार तास लागतात, यूपीएसवर लावून झोपा. भारनियमनाच्या गावात यूपीएस नसेल तर निदान वीज जाण्याची वेळ टाळा. एक्सपीवर मात्र या डिस्कचं पार्टिशन करू नका. एक्सपी ६३व्या सेक्टरपासून सुरुवात करतो, डिस्कचे खरे सेक्टर ४०९६ बाइटचे आहेत, त्यामुळे प्रत्येक लहान लिखाण दोन सेक्टरांवर सांडतं आणि डिस्क रखडते. विंडोज ७ किंवा पुढच्या मशीनवर पार्टिशन करून आणा, एक्सपी ते बिनतक्रार वापरतो.

फॉरमॅट झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम, उघडा. ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरांच्या नोंदी, त्यांचे कच्चे आकडे शून्य हवेत. नव्या डिस्कवर एक जरी सेक्टर बदललेला दिसला तर बदलून मागा. ०९ म्हणजे चाललेले तास. एक आकडी हवेत. ०१ (वाचनातल्या चुका) समोर मोठाच्या मोठा आकडा दिसेल, तो सीगेटच्या मोजण्याच्या पद्धतीमुळे असतो, दोष नाही. सी७ (केबलवरून जाताना होणाऱ्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नाही, केबल बदला. चाप नसलेल्या जुन्या लाल केबलनेही हा आकडा चढू शकतो.

डिस्क फिरायला लागते, 'टक्' करून थांबते, पुन्हा फिरते, असं होत असेल तर लगेच दुकानात धावू नका. फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर सुमारे २ ॲम्पियर ओढले जातात, आणि '४५० वॅट' छापलेला दहा वर्षांचा लोकल एसएमपीएस दोन डिस्क एकदम उठवताना १२ व्होल्ट धरू शकत नाही. डीव्हीडी रायटर आणि जुनी डिस्क काढून नवी एकटी लावून बघा. एकटी नीट चालली तर खर्च एसएमपीएसवर करायचा आहे.

फोल्डर उघडताना पाच-सात सेकंद अडकणं हाही दोष नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये 'टर्न ऑफ हार्ड डिस्क' २० मिनिटांवर असतं, शून्य करा.

वॉरंटी २ वर्षांची. पैसे देण्याआधी लेबलवरचा सिरीयल नंबर सीगेटच्या साइटवर टाकून उरलेली मुदत बघा. स्वस्त म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या लेबलच्या डिस्क बऱ्याचदा सर्व्हरमधून काढलेल्या, तासांचा आकडा पुसलेल्या असतात. कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर घासल्याच्या रेघा किंवा स्क्रूच्या भोकांत वेढ्यांचे व्रण दिसले तर ती डिस्क आधी कुठेतरी बसून आलेली आहे, मग स्क्रीनवर तास शून्य दिसोत की काहीही.