डिझेल एवढं आखडत नाही

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मच्छीचा ट्रक घेऊन मी सात वर्षं कोल्हापूरला जात होतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे आमचाही धंदा बसलेला. दर पावसाळ्यात उसनवारी करून दिवस ढकलायचे, ते आता पुरे, असं ठरवून यंदा डिझेलच्या टँकरवर लागलो. त्यासाठीचं तीन दिवसांचं ट्रेनिंग रीतसर केलं, लायसन्सवर तशी नोंद करून घेतली. आग लागली तर काय, गळती झाली तर काय, मागच्या पाटीवर 1202 असेल तर डिझेल आणि 1203 असेल तर पेट्रोल, हे सगळं नीट शिकवलं. माल खाली करताना ड्रायव्हरने स्वतः काय बघायचं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नेमका तिथेच फसलो.

गाडी बारा हजार लिटरची, चार-चार हजारांचे तीन कप्पे. मिरजेकडच्या डेपोत भरायची आणि मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली करत रत्नागिरीकडच्या एका पंपावर खाली करायची. पगार 18 हजार, खेपेचा भत्ता वेगळा. कामावर घेताना मॅनेजरने 25 हजार डिपॉझिट मागितलं. "एका खेपेला अकरा लाखांचा माल तुझ्या हातात देतोय, तुझं काहीतरी आमच्याकडे नको का?" म्हणाला. मला ते पटलं. बायकोची बोरमाळ पतपेढीत ठेवून पैसे दिले. सही केलेला एक कोरा चेक दिला. मूळ लायसन्स त्याने कपाटात टाकलं आणि मला झेरॉक्स दिली. मूळ लायसन्स मालकाकडे ठेवायचा कुठलाही नियम नाही, हे मला नंतर कळलं. कुणी मागितलं तर देऊ नका. तिथूनच आपण अडकायला लागतो, कारण मग दुसरीकडे काम बघायचीही सोय राहत नाही.

गाडीवरचा क्लीनर त्याच गाडीवर नऊ वर्षं मुरलेला. वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्याने सगळं आपल्याकडे घेतलं. "तू ऑफिसात चलनाचं, म्हणजे मालाच्या पावतीचं बघ, टाकीवर मी चढतो. पावसात पाय सरकला तर तुझ्या घरच्यांना मी काय सांगू?" मला वाटलं, केवढा काळजी करणारा माणूस मिळाला.

पहिल्या खेपेला पंपावर सील बरोबर, टँकरची डीप, म्हणजे काठी बुडवून मोजलेली मालाची पातळी, बरोबर, डेन्सिटी बरोबर. माल जमिनीतल्या टाकीत उतरल्यावर तिची डीप घेतली तर 110 लिटर कमी. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादा शांतपणे म्हणाला, "अरे, उन्हातून भरून आणलेला माल घाटातल्या गारव्यात आखडतो. नवीन ड्रायव्हरला हे माहीत नसतं." दुसऱ्या खेपेला 95 गेले, तिसऱ्या खेपेला 120. मिळून 325 लिटर, पंपाच्या भावाने जवळजवळ 30 हजार. मॅनेजरने चलन उघडूनसुद्धा न बघता वहीत माझ्या नावावर लिहिलं. दोन रात्री झोप नाही. पहिला पगार हातात पडायच्या आधीच मी कर्जात होतो, आणि चूक कुठे होतेय तेच कळत नव्हतं.

चौथ्या खेपेला पंपावरचे डीप घेणारे काका माझ्याजवळ आले. पंचवीस वर्षं हेच काम करणारा माणूस. हळूच म्हणाले, "तू हिशोब करून बघितलास का रे?" मग त्यांनी चलनाच्या मागेच मांडून दाखवला. डिझेल थंड झालं की आखडतं, हे खरं आहे. पण एका अंशाला हजार लिटरमागे एक लिटरसुद्धा नाही. बारा हजारांच्या गाडीला एका अंशाला फार तर दहा लिटर. त्या दिवशी चलनावर तापमान 31 होतं आणि काकांच्या थर्मामीटरवर 29. म्हणजे वीस लिटर. शंभर लिटर आखडायचं तर माल दहा अंशांनी गार व्हायला हवा, आणि पाच तासांच्या वाटेत भरलेली गाडी एवढी गार होत नाही.

"मग बाकीचं जातं कुठे?" मी विचारलं. काका म्हणाले, "पाइपातून येणं थांबलं की वर चढ, आणि कुणी कितीही हाका मारल्या तरी बघितल्याशिवाय उतरू नको."

आमचा पंप उतारावर आहे. कोकणात सपाट जागा अशी मिळते कुठे! दादा गाडी नेहमी एकाच जागी लावायला सांगायचा, तोंड उताराला करून, आणि माल काढायची नळी तर मागच्या बाजूला. त्या दिवशी पाइप रिकामा झाला आणि तो लगेच व्हॉल्व्ह बंद करायला वाकला. मी शिडी चढलो. खालून ओरडला, "अरे, झालंय सगळं, उतर!" मी पहिल्या कप्प्याचं झाकण उघडून काकांची सेफ्टी टॉर्च आत मारली. पुढच्या भिंतीशी डिझेल साचलेलं चकाकत होतं. दुसऱ्या कप्प्यात तसंच, तिसऱ्यातही तसंच. पाइप सोडून गाडी वरच्या सपाट जागेत घेतली, परत पाइप जोडून व्हॉल्व्ह उघडले, तर पाइप पुन्हा भरून वाहायला लागला. टाकीत आणखी 98 लिटर उतरलं. दादा तोंड फिरवून उभा होता.

परतीला घाट चढायच्या आधी तो एका धाब्यापाशी गाडी थांबवायला लावायचा, नेहमी चढावरच. चढावर गाडीचं तोंड वर होतं आणि पुढे साचलेलं सगळं मागे नळीकडे येतं. मी चहा प्यायला आत जायचो, तो गाडीपाशीच थांबायचा. तिथे डिझेल काढताना मी त्याला डोळ्यांनी बघितलेलं नाही, म्हणून त्यापुढे काही लिहीत नाही.

संध्याकाळी मॅनेजरला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो चिडेल. त्याने एवढंच विचारलं, "वर चढायला तुला कुणी सांगितलं होतं?" दुसऱ्या दिवसापासून काम बंद. डिपॉझिट परत नाही, सतरा दिवसांचा पगार नाही, वर "चेक आमच्याकडे आहे, विसरू नको" ही धमकी. नंतर चौकशी केली तर माझ्या आधीचे दोन ड्रायव्हरही असेच शॉर्टेज अंगावर घेऊन डिपॉझिट सोडून गेलेले. क्लीनर एकटाच खात होता, यावर आता माझा विश्वास बसत नाही.

लायसन्स पोलीस स्टेशनला अर्ज दिल्यावर चार दिवसांत परत मिळालं. पैशांसाठी कामगार खात्याकडे तक्रार दिली आहे. मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि नुकसान त्याच्या हलगर्जीमुळेच झालेलं असावं लागतं, असं वेतनाच्या कायद्यात आहे. मला कुणी एक शब्द विचारला नव्हता. चौथ्या खेपेचं चलन आणि त्याच्या मागे काकांच्या हातचा हिशोब, एवढाच पुरावा माझ्याकडे आहे. आधीच्या तीन खेपांच्या चलनांचा साधा फोटोसुद्धा मी काढून ठेवला नाही, ते तुम्ही पहिल्या दिवसापासून काढा. बोरमाळ अजून पतपेढीतच आहे.

गेल्या आठवड्यात हातखंब्याला तो टँकर दिसला. दादा त्याच्या जागेवर, आणि स्टिअरिंगला एक कोवळा पोरगा, बावीस-तेवीसचा असेल. मी हात केला, पण गाडी पुढे निघून गेली. त्याच्या घरचं कुणी हे वाचत असेल, तर आज तो जेवायला बसला की विचारा, गाडी खाली झाल्यावर वर चढून कोण बघतं?