रेझिस्ट करायचंय: पावडर वितळवावी की नुसती शाई पुरे?

बाटिकमध्ये कापडाला मेण लावून ते रंगात बुडवतात आणि मेणाखालचा भाग कोरा राहतो. रबरी शिक्क्यांच्या कार्डांवरचं रेझिस्ट म्हणजे कागदावर तेच. आधी शिक्का, मग रंग. शिक्क्याच्या रेघा रंगातून पांढऱ्या उमटतात. त्याचे मुख्य रस्ते दोन. पावडर वितळवायची हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) नाही म्हणून दुसरा, नुसत्या शाईचा रस्ता धरणारे बरेच असतात, पण निवड कागद आणि शिक्का बघून करावी असं मला वाटतं.

पहिला रस्ता एम्बॉसिंगचा, म्हणजे पावडर वितळवून उठावाची रेघ करण्याचा. चिकट पारदर्शक शाईने शिक्का मारायचा, त्यावर पारदर्शक पावडर ओतायची, उरलेली झटकून डबीत परत टाकायची आणि बाजूला आधीच तापवलेली हीट गन फिरवायची. इथे घाई नको. पावडर सुरुवातीला पिठीसाखर भुरभुरल्यासारखी दिसते, मग एक कोपरा अचानक ओला झाल्यासारखा चमकतो आणि ती चमक रेघेरेघेने पुढे सरकते. चमक पोचली की गन पुढे न्यायची. जास्त तापलं तर वितळलेली पावडर कागदात मुरते, रेघ तेलकट दिसते आणि रंग अडवायचं काम करत नाही. केस वाळवायचा ड्रायर चालत नाही. त्याची उष्णता कमी पडते आणि वाऱ्याने पावडर उडते ती वेगळीच.

गार झाल्यावर स्पंजने किंवा ब्लेंडिंग ब्रशने (शाई पसरवायच्या मऊ ब्रशने) डाय इंक, म्हणजे कागदात मुरणारी पातळ शाई, लावा. एम्बॉसिंगवर शाईचे बारीक थेंब साचतात, ते कोरड्या टिश्यूने पुसले की खालची रेघ लख्ख. मला या रस्त्यात सगळ्यात आवडतो तो हा क्षण.

खोड एकच: भरकटलेले कण. बोटांचा तेलकटपणा किंवा कागदावरची स्थिर वीज पावडर धरून ठेवते आणि रंग चढल्यावर प्रत्येक कणाचा पांढरा ठिपका होतो. माझ्या रात्रीच्या आकाशाच्या कार्डावर ते तारे म्हणून खपले. पुढच्या कार्डावर बगळा होता, त्याला देवी आल्यासारखं दिसलं. तेव्हापासून शिक्क्याआधी कागदावर अँटीस्टॅटिक पिशवी (स्थिर वीज घालवणाऱ्या भुकटीची पुरचुंडी) फिरवते.

दुसऱ्या रस्त्यात पावडर नाही, गन नाही. तीच पारदर्शक शाई, पण कागद ग्लॉसी कोटिंगचा हवाच. शिक्का मारून पूर्ण वाळू द्यायचा आणि वरून डाय इंक, फिकट रंगापासून गडदाकडे. साध्या कार्डस्टॉकवर (कोटिंग नसलेल्या जाड कागदावर) हा खेळ उलटतो: शाई कागदात मुरते आणि शिक्क्याची जागा आजूबाजूपेक्षा गडद दिसते. तेही सुंदर असतं, पण ते रेझिस्ट नव्हे. इंकजेट प्रिंटरचा फोटो पेपर ग्लॉसी म्हणून घेऊ नका, त्याचं कोटिंग शाई पिण्यासाठीच केलेलं असतं. पिगमेंट इंकही (कागदात न मुरता वर बसणारी घट्ट शाई) टाळा, ग्लॉसीवर ती नीट वाळत नाही.

इथे कडा मऊ येतात, धुक्यातून पाहिल्यासारख्या. बारीक अक्षरं किंवा फुलाच्या शिरा त्यात हरवतात. मोठी पानं, जाड ठसठशीत आकार मात्र छान उठतात. नाजूक रेघांना एम्बॉसिंगच हवं, तेही डिटेल म्हणून मिळणाऱ्या बारीक दाण्याच्या पावडरने; जाड दाणा दोन रेघांमधली फट बुजवून टाकतो. जलरंग वापरणार असाल तरी एम्बॉसिंगच, कारण ग्लॉसी कागदावर पाणी नुसतं घरंगळतं. जलरंगाचा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या, म्हणजे तो कमी वाकेल. पण एकसारखी २० कार्डं एका बैठकीत संपवायची असतील तर ग्लॉसी. एक बॅच वाळते तोवर दुसरीचे शिक्के होतात. ग्लॉसीवर बोटांचे ठसे मात्र पटकन दिसतात, कडेनेच धरा.

पांढरा मेणखडू आणि जलरंग हा तिसरा प्रकार हातखर्चाचा. त्यात शिक्क्याला कामच उरत नाही, म्हणून बाजूला ठेवते.

एम्बॉसिंगचा उठाव नको, पण रेघ मात्र तेवढीच स्वच्छ हवी असेल, तर रंग पूर्ण वाळल्यावर कार्डाच्या खाली-वर कोरे साधे कागद ठेवून गरम इस्त्री फिरवा, वाफ बंद ठेवून. वितळलेली पावडर त्या कागदांत शोषली जाते. दर वेळी नवा कागद घ्या, नाहीतर आधीचीच पावडर परत चिकटते. खाली सपाट, पांढरी रेघ राहते आणि कार्ड पुष्कळसं बाटिकसारखं दिसायला लागतं.