लिफ्ट किटच्या नावाखाली 68,500 रुपयांना गंडवलं. जुनी थार असलेल्यांनी आधी हे वाचा

महिंद्राची जुनी सीआरडीई (डिझेल) थार पुढून उचलून, म्हणजे उंच करून घ्यायचा विचार करत असाल तर गॅरेजवाल्याच्या हातात एक रुपया टेकवण्याआधी हे वाचा. माझे 68,500 रुपये गेले. वर झालेलं नुकसान निस्तरायला 24,700 गेले. एकूण 93,200. आणि गाडी आज पुन्हा होती त्याच उंचीवर आहे.

शौक म्हणून हे काम करायला गेलो नव्हतो. आमची आंब्याची कलमं सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर आहेत. वर जायची वाट म्हणजे नुसता जांभा, त्यात दर पावसाळ्यात नव्या चरी पडतात. हंगामात पेट्या भरून खाली येताना गाडीचं तोंड दगडावर आपटायचं. दोन-अडीच इंच उंची मिळाली तर काम भागणार होतं. हायवेलगतच्या एका गॅरेजची मोबाईलवर बरीच हवा होती, उचललेल्या गाड्यांचे फोटो, व्हिडिओ. मालक बोलण्यात पटाईत. "काका, नुसती उंची नाही, ट्रॅव्हलपण दोन इंच वाढवून देतो. चाक खड्ड्यात खाली जाईल, बॉडी हलणार नाही." चार नवे लांब शॉकअप 46,000, पुढच्या अप्पर आर्मची (चाक चासीला जोडणारा वरचा दांडा) जोडी 16,500, मजुरी 6,000. चाळीस हजार आगाऊ, फोनवरून, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या नावावर. उरलेले 28,500 रोख. जीएसटीचं बिल हवं तर 18 टक्के वेगळे द्या म्हणाला. हातानं लिहिलेल्या कागदावर त्यानं "थार काम" एवढंच लिहिलं. बिल न देणाऱ्याकडे काम टाकूच नका, हे आत्ताच सांगून ठेवतो.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा तोंड खरंच वर होतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत त्यानं माझ्यासमोर टेप धरला, अडीच इंच वाढ दाखवली. टेप खोटा नव्हता. मी वाकून आत बघितलं, शॉकअप निळेभोर, त्यावर चकचकीत स्टिकर. बोट लावलं तर निळा रंग अंगठ्याला लागला. मी विचारलं, तर म्हणाला, "पावडर कोटिंग आहे, दोन दिवसांत बसेल."

पावडर कोटिंग भट्टीत भाजून काढतात. भट्टीतून बाहेर आलेला रंग बोटाला लागत नाही. हे मला माहीत होतं, आमच्या घराच्या खिडक्यांच्या जाळ्या तशाच करून आणल्यात. आणि त्याच निळ्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यातला (बोल्ट जातो त्या भोकातला) रबरी बुश भेगाळलेला होता. नव्या कोऱ्या शॉकअपचा बुश भेगाळलेला कसा असेल? दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. जुने शॉकअप आणि आर्म मागितले तर "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला." ते ऐकून तिथेच गाडी जॅकवर चढवायला लावायला हवी होती. त्या निळ्या अंगठ्याची आठवण आली की आजही रात्री झोप लागत नाही.

पण माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी काय वेगळं केलं असतं? गाडी उंच झाली होती, टेप समोर होता, बाहेर चार गाड्या रांगेत उभ्या होत्या. माणूस उंचीच बघतो. या धंदेवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

चोरी कशी झाली ते सांगतो. या थारला पुढे स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे. चासीला समांतर जाणारी लांब सळी, एक टोक आर्मला, दुसरं टोक मागे चासीत अडकवलेलं, आणि तिथे एक अॅडजस्टिंग बोल्ट. तो पान्यानं आवळला की आर्म खाली ढकलला जातो आणि तोंड वर येतं. दोन बाजूंचे दोन बोल्ट, अर्ध्या तासाचं काम, एक पैशाचा माल लागत नाही. माझे 68,500 या दोन बोल्टांचे आणि निळ्या रंगाच्या डब्याचे.

आणि उंची म्हणजे ट्रॅव्हल नव्हे. चाकाची एकूण वर-खाली हालचाल शॉकअपची लांबी, आर्म आणि रबरी स्टॉप यांनी ठरते. बोल्ट आवळल्यानं ती एका सुतानंही वाढत नाही. उलट आर्म आधीच खाली टेकत आलेला असतो, त्यामुळे खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. माझ्या गाडीचं तेच झालं. प्रत्येक खड्ड्यात पुढून खाडकन आवाज. मागचे पाटे तसेच ठेवलेले, त्यामुळे हेडलाइट आभाळाकडे. आंबा घाटात समोरून येणारा प्रत्येक ट्रक डोळ्यांवर लाईट मारायचा आणि वळणावर स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं. मालकाला फोन केला तर म्हणे, "नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो." पुढे त्यानं फोन उचलणंच बंद केलं.

सड्यावर फोर-व्हील टाकून चढवली आणि दोन्ही पुढचे एक्सल बूट (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरची ग्रीस भरलेली रबरी टोपणं) फाटले. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं, त्यावर तांबडी माती बसलेली. शाफ्टचा कोन प्रमाणाबाहेर वाढला की रबर फाटतंच. आमच्या गावच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, फडक्याला पेट्रोल लावून शॉकअप पुसला आणि खालून कंपनीचा मूळ काळा रंग आणि नंबर निघाला. आर्मचीही तीच गत. "ह्यात बदललंय काय? बोल्ट आवळलाय नुसता," एवढंच म्हणाले. बूट 3,800, बॉल जॉइंट 4,600, कडेनं खाल्लेले पुढचे दोन टायर 15,400, अलाइनमेंट 900.

काम टाकण्याआधी हे करा: चासीखाली जॅक लावून टायर जमिनीवरून सुटेपर्यंत चाक किती खाली लोंबतं ते मोजून लिहून ठेवा. काम झाल्यावर तेच परत मोजा. माझं आधी तीन इंचांच्या आसपास होतं, नंतर इंचभरही नव्हतं. हा आकडा रंग मारून वाढवता येत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "गाडी वर उचलायला सांगितली कुणी?" मग "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, साहेब, जुना माल रंगवून नवा म्हणून विकला, ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. त्यावर साहेबांनी मलाच मोटार वाहन कायदा ऐकवला. कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, 2019 च्या सुधारणेनंतर कलम 182अ खाली गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड. "तक्रार लिहून द्या, आधी तुमच्यावरच कारवाई होईल." परिवहन कार्यालयात गेलो तर खिडकीवरून उत्तर, गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. ग्राहकांसाठीच्या फोन सेवेनं तक्रार क्रमांक दिला आणि पुढे चिडीचूप. मग येतं कुणाच्या अखत्यारीत? रस्त्याकडेला बोर्ड लावून, व्हिडिओ टाकून तो माणूस उघड धंदा करतो, ते कुणाला दिसत नाही. ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याला मात्र कलमं तोंडपाठ ऐकवतात! गिऱ्हाईक दंडाच्या भीतीनं गप्प बसणार, याच भरवशावर ही दुकानं चालतात. आणि माझ्या गाडीत तर फेरफारही झालेला नव्हता, कंपनीचाच बोल्ट आवळला होता. हे मी तीनदा सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. फोनवरून दिलेल्या चाळीस हजारांची नोंद हाच माझा भक्कम पुरावा आहे, रोख दिलेल्या 28,500 साठी त्याचा व्हॉट्सअॅपवरचा दर आणि "पैसे मिळाले" हा मेसेज. तो मेसेज मी डिलीट केला नाही, तुम्हीही करू नका. रोख तर देऊच नका.

गाडी देण्याआधी टॉर्शनच्या बोल्टाचे किती आटे बाहेर आहेत त्याचा फोटो काढा, शॉकअपवरच्या नंबराचाही. जुना माल डिकीत टाकून घ्या, भंगारात गेला म्हणाला तर उरलेले पैसे देऊ नका. निळे, नंबर नसलेले शॉकअप आधीच कुणी बसवून घेतले असतील तर आजच पेट्रोलचं फडकं मारून बघा. खालून काळा रंग निघाला तर बोल्ट मूळ जागी आणून अलाइनमेंट करून घ्या, तोवर गाडी घाटात घालू नका, आणि फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात तक्रार टाका.