थंडरबर्ड ३५०ला थंडरबर्ड एक्सचे मागचे चाक : साताऱ्यात करून घेतलेल्या कामाचे परीक्षण

रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५० बंद होऊन काही वर्षे झाली असली, तरी वीस लिटरची टाकी, ऐसपैस बैठक आणि मागे सामान बांधण्याची सोय यांमुळे लांबच्या प्रवासाला ती आजही मला सर्वांत योग्य वाटते. तिची खरी अडचण आहे ती मागच्या स्पोकच्या चाकाची. स्पोकच्या प्रत्येक तारेचे निपल (तार आवळणारी छोटी चकती-नट) रिमच्या भोकातून आत येत असल्याने ही रिम हवाबंद राहत नाही आणि ट्यूब घालावीच लागते. ट्यूबमध्ये खिळा गेला की हवा पाहता पाहता निघून जाते. पंक्चर बहुतेक वेळा मागच्याच चाकाला होते, आणि दोन्ही बाजूंना बॅगा बांधलेल्या असताना खंबाटकी घाटाच्या कडेला ते चाक काढण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही.

कंपनीने २०१८ मध्ये आणलेल्या थंडरबर्ड एक्सला अलॉय चाके (तारांऐवजी मिश्रधातूची एकसंध ओतीव चाके) आणि ट्यूबलेस टायर होते. महत्त्वाची बाब अशी की, दोन्ही गाड्यांच्या मागच्या टायरचे माप एकच आहे, १२०/८०-१८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचांत). त्यामुळे एक्सचे मागचे चाक मिळवून ते माझ्या गाडीला बसवण्याचे मी ठरवले.

अनेक जण याऐवजी रॉयल एनफिल्डच्याच मीटिअर ३५०चे चाक सुचवतात, कारण ते नवे मिळते. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. मीटिअरचा मागचा टायर १४०/७०-१७ मापाचा आहे. हिशेब केला, तर थंडरबर्डच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६४९ मिलिमीटर येतो आणि मीटिअरच्या टायरचा सुमारे ६२८. म्हणजे गाडी मागून जवळजवळ एक सेंटिमीटर खाली बसते आणि त्याच वेगासाठी इंजिनाला तीन टक्क्यांहून अधिक फेरे जास्त घ्यावे लागतात. दिवसभर महामार्गावर चालणाऱ्या गाडीत हा फरक जाणवतो. त्यात मीटिअरची मागच्या ब्रेकची डिस्क २७० मिलिमीटरची, तर थंडरबर्डची २४०ची, त्यामुळे कॅलिपरच्या (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटपासून सगळे नव्याने जुळवावे लागते. लेथवर बुश कापून घेऊन हेही करता येते, पण ब्रेकच्या बाबतीत असे जुगाड मला मान्य नाही.

काम मी गोडोलीतील एका लहान गॅरेजमध्ये करून घेतले. तिथल्या मिस्त्रींनी माझी गाडी स्टँडवर घेण्याआधी मी आणलेले एक्सचे वापरलेले चाक अर्धा तास तपासले, ही गोष्ट मला सर्वांत आवडली. आरे जिथे रिमला मिळतात ती प्रत्येक जागा त्यांनी रॉकेलने पुसून नखाने चाचपली, कारण बारीक तडा रंगाखाली लपतो. मग चाक फिरवून डायल गेजवर आउट, म्हणजे चाक फिरताना किती डगमगते ते, पाहिला आणि टायरची कड जिथे बसते तिथे रिम कुठे चेपली आहे का, हे बोटाने पाहिले. "अहो, दिसायला चांगलं आहे म्हणून चालत नाही, डिस्क आणि चेन एका रेषेत आली पाहिजे," असे त्यांनी मला काम सुरू करतानाच सांगितले.

ज्या विक्रेत्याकडून मी चाक घेतले, त्याने बेअरिंग नवे असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात एक बेअरिंग हाताने फिरवतानाच खरखरत होते. मिस्त्रींनी दोन्ही बेअरिंगे आणि स्प्रॉकेटमागचे (चेनच्या दातेरी चक्रामागचे) रबर बदलले. स्पेसर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना अंतर राखणाऱ्या नळ्या, मात्र एक्सच्या चाकासोबत आलेल्याच वापराव्यात, माझ्या गाडीच्या मूळ चाकाच्या त्यात मिसळू नयेत, असा त्यांचा आग्रह होता आणि तो योग्यच आहे; स्पेसर एखाद्या मिलिमीटरने चुकला तरी डिस्क कॅलिपरच्या मधोमध राहत नाही आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूने झिजू लागतात. चेन अ‍ॅडजस्टरवरच्या खुणांवर न विसंबता त्यांनी स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टपासून एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले, चेनची ढील २५ ते ३० मिलिमीटर ठेवली आणि हवा भरल्यावर टायरच्या कडेला व व्हॉल्व्हभोवती साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. माझी गाडी एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) येण्यापूर्वीची असल्याने चाकाच्या सेन्सरचा तो प्रश्न आला नाही. एबीएसच्या गाडीला चाकावरची दातेरी रिंग आणि सेन्सरमधले अंतरही जुळवावे लागेल.

बसवल्यानंतर मेढ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला आणि यवतेश्वर घाटाने कासला सामानासह गाडी चालवली. वळणावर मागची बाजू ओढत नाही, ब्रेक पूर्वीसारखाच लागतो आणि चेनचा आवाज वाढलेला नाही. पुढे मेढ्याजवळ टायरमध्ये तार घुसली, तेव्हा बॅगा न सोडता पंक्चर किटमधली पट्टी घालून पंपाने हवा भरली आणि त्याच टायरवर साताऱ्याला परत आलो. एवढ्या एका सोयीसाठीही हा खर्च मला सार्थ वाटतो.

अलॉयची उणी बाजूही आहे. खड्ड्यात स्पोकची रिम वाकली, तर तारा ताणून आउट काढता येतो. अलॉयला तडा गेला, तर ती टाकूनच द्यावी लागते आणि तिच्यावर वेल्डिंग करून घेणे धोक्याचे आहे. कासच्या पुढे बामणोलीकडे किंवा त्याहून आडवाटेला वरचेवर जाणाऱ्याने स्पोकच ठेवावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. टायरचे माप तेच राहत असले तरी विमा कंपनीला कळवून ठेवणे चांगले, आणि मी तसे कळवले आहे.

गॅरेजबद्दल माझी तक्रार एकच आहे. बिलावर "चाक बसवणे" एवढेच लिहून मिळाले. कोणत्या क्रमांकाची बेअरिंगे घातली आणि एक्सलचा नट किती टॉर्कने (जोराने) आवळला, हे इतकी मोजमापे घेणाऱ्या माणसाने लिहून द्यायला हवे, कारण प्रवासात दुसऱ्या गावी चाक काढावे लागले, तर तिथल्या मिस्त्रीला तोच कागद दाखवता येईल.