बीएसए गोल्ड स्टार डीबीडी ३४: काही महिने चालवल्यानंतर

या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलच्या जाहिरातीत ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ असं वाचलं की नजर आधी क्रोमवर जाते. ती आधी नंबरांवर जाऊ द्या. इंजिनावर ‘डीबीडी ३४ जीएस’ आणि फ्रेमवर ‘सीबी ३२’ पासून सुरू होणारा नंबर हवा. बीएसएच्याच साध्या बी ३१ मॉडेलच्या फ्रेमवर नंबर ठोकून ती गोल्ड स्टार म्हणून खपवणारेही आहेत. अस्सल फ्रेमची खालची उजवी नळी ऑइल पंपाला जागा मिळावी म्हणून वाकवलेली असते. जमिनीवर आडवं होऊन ती बघा, विकणाऱ्याला काय वाटायचं ते वाटू दे.

१९५६ ते १९६३ या काळात बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात बनलेली ही ४९९ सीसीची सिंगल-सिलिंडर गाडी (बोअर ८५ मिमी, स्ट्रोक ८८) क्लबमन्स रेसिंगसाठी (हौशी क्लब-सदस्यांच्या शर्यतींसाठी) तयार केलेली, आणि गावात ते जाणवतं. आरआरटी २ गिअरबॉक्सचा पहिला गिअर इतका उंच की त्यातच ताशी ६० मैल गाठता येतात. म्हणजे निघताना ताशी २५-३० मैलांपर्यंत क्लच घसरवत न्यायचा. त्यात दीड इंची अमाल जीपी कार्बोरेटर आयडलिंगला उभा राहत नाही, सिग्नलला सतत रेस देत थांबावं लागतं. क्लच तापतो, केबल सैल पडते. मोकळ्या रस्त्यावर इंजिन ४,००० आरपीएमच्या वर गेलं की मात्र सगळं माफ.

स्टार्ट करायची रीत ठरलेली. टिकलर (कार्बोरेटरवरचं छोटं बटण) दाबून पेट्रोल ओघळू द्या, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) रिटार्ड करा, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं लावा, कॉम्प्रेशन लागेपर्यंत किक फिरवा, व्हॉल्व्ह लिफ्टर (कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन किंचित पुढे काढा, मग पूर्ण लांब किक. अॅक्सिलरेटरला हात नको. रिटार्ड विसरलात तर उलटी किक घोट्याला बसते.

गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकीतलं ऑइल चेक व्हॉल्व्हमधून क्रँककेसमध्ये उतरतं. किक जड लागते, चालू झाल्यावर निळ्या धुराचा लोट. आधी सम्प (क्रँककेसचा तळ) रिकामा करा, मग व्हॉल्व्हची गोळी आणि तिची बैठक साफ करा. पुष्कळ जण नळीत तोटी बसवून मोकळे होतात. एकदा उघडायची राहिली की ऑइल न मिळून बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) गेलं.

थंड असताना पहिल्या किकला चालू, गरम झाल्यावर कितीही किक मारा, ढिम्म. ही तक्रार असेल तर कार्बोरेटर खोलू नका. मॅग्नेटोचं जुनं वाइंडिंग आणि कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतात. रिस्टोरेशनच्या बिलात आर्मेचर (मॅग्नेटोचा वाइंडिंगवाला फिरता भाग) रिवाइंड नसेल, तर तो खर्च घासाघीस करताना आधीच वजा धरा. खरेदीपूर्वी गाडी वीस मिनिटं पळवून, बंद करून, लगेच पुन्हा चालू करायला सांगा.

जीपीचा फ्लोट चेंबर (कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी) वेगळा टांगलेला असतो. त्याचा रबर कडक झाला की थरथरीने पेट्रोल फेसाळतं आणि वरच्या आरपीएमला गाडी मिसिंग मारते. फायबरग्लासची टाकी असेल तर इथेनॉलवाल्या पेट्रोलने आतला थर मऊ होऊन जेट तुंबतात; अॅल्युमिनियमची टाकी बघा. १९० मिमीचा पुढचा ब्रेक शू नीट बसले तर चांगला, मात्र लिव्हर जोरात ओढावा लागतो.

रोज गावातून जायचं असेल तर ३२ मिमी अमाल कॉन्सेंट्रिक कार्बोरेटर बसवा, निम्मा त्रास जातो. जीपी विकू नका, पुढचा गिऱ्हाईक तोच आधी विचारेल.