मिलिटरीचा जुना किल्ट की मापाचा नवा?

तीन लग्नांना भाड्याचा किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, मागे निऱ्या घातलेला लोकरी घागरा) नेसून झाला की चौथ्या आमंत्रणाच्या वेळी आपला स्वतःचा असावा असं वाटायला लागतं. एडिनबर्गमध्ये माझं तेच झालं. मग प्रश्न उरतो तो एवढाच: माप देऊन नवा शिवून घ्यायचा, की सैन्यातून निघालेला, सरप्लसचा शोधायचा? माझ्या कपाटात आज दोन्ही आहेत. नवा आधी घेतला, जुना त्यानंतर दोन वर्षांनी. इथे नव्याने आलेली आपली मंडळी अधूनमधून विचारतात, त्यांना फोनवर जे सांगतो तेच जरा सावकाशीने लिहितो आहे. रॉयल माइल या पर्यटकांच्या रस्त्यावरच्या दुकानांत टांगलेले पॉलिव्हिस्कोसचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे किल्ट मी यात धरलेले नाहीत. एका संध्याकाळपुरता हवा असेल तर भाड्याचाच बरा.

नव्याबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. बेंबीच्या रेषेत कंबर, कुल्ल्यांवर सगळ्यात रुंद जागी घेर आणि कंबरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत उंची, अशी तीन मापं घेतली. आठ आठवड्यांनी किल्ट हातात आला. पहिल्यांदा पट्टे आवळले तेव्हा तो अंगावर असा बसला की मी बराच वेळ आरशासमोरून हललो नाही. 8 वार लोकर, सगळी हातशिलाई, आणि निऱ्या अशा घातलेल्या की टार्टनची, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाची, चौकडी मागच्या बाजूलाही न मोडता सलग दिसावी. पाचशे पौंडांच्या पुढे गेला, पण त्या कारागिरीचे ते पैसे जास्त झाले असं मला आजही वाटत नाही.

कापड मात्र मी वाराला 13 औंस वजनाचं घेतलं (हे वजन दुप्पट पन्ह्याच्या वाराचं; किल्टचे 8 वार त्या पन्ह्याचे चारच होतात). नाचायला हलकं, उन्हाळ्यात सोयीचं, असं दुकानात सांगितलं आणि ते खरंच होतं.

त्रास बसमध्ये सुरू झाला. लीथहून गावात यायला वीस-पंचवीस मिनिटं. बसताना निऱ्या हाताने सारख्या करून, मागून सपाट धरून बसायचं हे मला ठाऊक होतं आणि मी तसंच बसलो होतो. उतरलो तर मागे चार-पाच निऱ्यांना आडव्या मोडी पडलेल्या, एक निरी तर उलटी दुमडलेली. पुढे नॉर्थ ब्रिजवर वारा लागला आणि हलकं कापड सगळीकडून उचललं जायला लागलं. पूर्ण पूल मी दोन्ही हात मांड्यांवर दाबून चाललो. लग्नाच्या फोटोंत माझी पाठ कुठे दिसू नये याची दिवसभर काळजी घेतली.

घरी आल्यावर इस्त्री. किल्टची इस्त्री म्हणजे पँटची नव्हे. प्रत्येक निरी तिच्या जागेवर बसवायची, खालच्या कडेपर्यंत धावदोरा घालून पक्की करायची, वर ओलं सुती फडकं ठेवून वाफ द्यायची, इस्त्री फिरवायची नाही, नुसती दाबून उचलायची, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग सगळे दोरे उसवायचे. माझ्या किल्टला 27 निऱ्या आहेत. दीड तास सहज जातो. एकदा केलं, दोनदा केलं. पण दर वेळी बसून आलो की तेच. मग असं व्हायला लागलं की किल्ट नेसायची हौस आहे, प्रसंगही आहे, आणि पुढचा दीड तास डोळ्यांसमोर येऊन मी सूट घालून निघतो आहे. हौसेने घेतलेली वस्तू कपाटातच राहते याचं मला फार वाईट वाटलं. 16 औंसाचा नवा घेतला असता तर ही तक्रार बरीच कमी झाली असती हे कबूल करायला हवं, फक्त तो आणखी महाग पडतो.

सरप्लसच्या किल्टकडे वळलो ते याच कारणाने. शिपायांना मिळणाऱ्या किल्टचं कापड जाड, थोडं खरखरीत आणि नव्यापेक्षा सरळसरळ जड असतं. माझ्या घरच्या काट्यावर नवा दीड किलोच्या आत भरतो, सरप्लसचा दोन किलोच्या वर. हे वजनच सगळं काम करतं. आजीचं जाड इरकली लुगडं तिने एकदा नेसलं की संध्याकाळपर्यंत निऱ्यांना हात लावावा लागत नसे, तसंच. बसमधून उठलं, दोन पावलं टाकली की निऱ्या आपल्या जागी जातात. वाऱ्यात खालची कड हलते, पण उडत नाही. गेल्या तीन वर्षांत मी त्याला दोरे घालून इस्त्री केलेली नाही. रात्री उलटा टांगतो, ब्रशने झाडतो, बस्स.

दिसण्यातही फरक आहे. सैन्यात निऱ्या चौकडीवर नाही, रेषेवर घालतात: प्रत्येक निरीच्या मधोमध तीच एक उभी रेघ येईल अशा. गॉर्डन हायलँडर्स या जुन्या स्कॉटिश पलटणीच्या किल्टला मागून पाहिलं की एकामागून एक पिवळ्या रेघाच दिसतात, आणि माणूस चालायला लागला की त्यांच्यामधला हिरवा-निळा रंग उघडमीट करतो. ही चाल मला नव्यात कधी दिसली नाही. जुन्या बाजारात असे अनेक टार्टन मिळतात, कारण त्या पलटणी आता वेगळ्या राहिलेल्या नाहीत. गॉर्डन 1994 मध्ये दुसऱ्या पलटणीत मिसळली, आणि 2006 मध्ये उरलेल्या स्कॉटिश पायदळ पलटणी मिळून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड झाली. तिचा किल्ट गव्हर्नमेंट 1ए, म्हणजे ब्लॅक वॉच या जुन्या स्कॉटिश पलटणीचीच चौकडी, जरा उजळ छटांत.

इथे आपल्या लोकांचा एक संकोच असतो: टार्टन स्कॉटिश कुळाकुळाचे वेगळे मानतात, आपलं तसं काही कुळ नाही, मग कोणाचं टार्टन घालावं? ब्लॅक वॉच आणि गव्हर्नमेंट हे कुठल्याही एका कुळाचे मानले जात नाहीत, ते कोणीही घालावेत अशीच रीत आहे. फक्त पलटणीचे बिल्ले लावू नयेत. ते ज्यांनी सेवा केली त्यांचे. 1746 च्या कायद्याने हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातल्या, पुरुषांना हा पोशाख घालायला बंदी झाली, सैन्याला तेवढी सूट होती, आणि बंदी उठली ती 1782 मध्ये. मिलिटरीचा किल्ट हातात घेताना मला हे आठवतं आणि तो नीट सांभाळावासा वाटतो.

आता माप. सरप्लसची खरी अडचण हीच, आणि ती मी लपवणार नाही, कारण पहिल्या खेपेला माझी फसगत झाली. विकणाऱ्याने कंबर 36 लिहिली होती, माझी बेंबीपाशी 36 आहे. (जीन्स 34 ची लागते. तो आकडा इथे विसरायचा; जीन्स खाली बसते आणि तिच्यावरचा आकडा खरा नसतो.) किल्ट आला, पट्टे बरोबर लागले, आणि कुल्ल्यांवर मात्र आवळला. निऱ्यांची शिवण जिथे संपते तिथून त्या फाकल्या, पुढचा पदर पंख्यासारखा बाजूला उघडला. आतलं लेबल पाहिलं तर मूळ कंबर 33. आधीच्या कोणीतरी बकलं सरकवून ती 36 केली होती. विकणारा खोटं बोलला नव्हता, त्याने टेप लावून जे दिसलं ते लिहिलं होतं. लेबलाचा फोटो मी मागायला हवा होता. तो किल्ट शेवटी सडपातळ बांध्याच्या एका मित्राला दिला.

तेव्हापासून मी कंबर शेवटी बघतो. बकलं सरकवून कंबरेत इंच-दीड इंच मिळवता येतो. दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं सरकवायचं, नाहीतर पुढच्या पदरावरची मधली रेघ एका बाजूला जाते. कुल्ल्यांचं माप मात्र निऱ्यांच्या शिवणीत बांधलेलं असतं. ते वाढवायचं तर सगळा किल्ट उसवून पुन्हा शिवावा लागतो, आणि ती मजुरी किल्टच्या किमतीच्या कितीतरी पट होते. म्हणून विकणाऱ्याला सांगायचं: पट्टे लावून किल्ट जमिनीवर सपाट पसरा, शिवण जिथे संपते त्या रेषेत कडेपासून कडेपर्यंत मोजा, दुप्पट करा. तो आकडा तुमच्या घेराइतका किंवा इंचभर जास्त असावा. कमी असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. सैन्यातले किल्ट तरुण, सपाट बांध्याच्या पोरांसाठी शिवलेले असतात. चाळिशीतल्या माणसाचा अडथळा बहुतेक वेळा इथेच येतो.

उंचीचाही एक घोळ आहे. मिलिटरीचा किल्ट पट्ट्यांच्याही वर दोनेक इंच चढतो आणि पोटावर उंच बसतो. त्यामुळे नुसती एकूण लांबी कळून उपयोग नाही, पट्ट्यापासून खालच्या कडेपर्यंतची वेगळी मागायची. माझा सध्याचा एकूण साडेपंचवीस इंच आहे, वरचे अडीच सोडले की तेवीस, आणि माझ्या पाच फूट सात इंचांना तो बरोबर आहे. घरी आल्यावर गुडघे टेकून ताठ राहायचं. कड जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिली की झालं. लांब असेल तर खालून दुमडून घेऊ असं मनात आणू नका. किल्टला खाली दुमड नसते, कापडाची मूळ किनारच तिथे असते, साडीच्या काठासारखी. ती कापली की निऱ्यांचं पडणं बिघडतं.

कसर ही दुसरी शंका सगळे विचारतात. किल्ट खिडकीसमोर उजेडात धरा. निऱ्यांच्या आतल्या घडीत एखादं भोक असेल तर मी घेतो, ते कधी दिसत नाही. पुढच्या पदरावर असेल तर घेत नाही. रफू कितीही बारीक केला तरी चौकडीत कळतो. घरी आणल्यावर हवा काढून बंद केलेल्या पिशवीत, उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे, आणि मगच बाकी लोकरीच्या कपड्यांशेजारी. चामड्याचे पट्टे जुने होऊन तडकलेले असतात, ते मी चांभाराकडून बदलून घेतले. दुसरा किल्ट, पट्टे धरून, नव्याच्या पाचव्या हिश्श्यात पडला.

नवा कोणी घ्यावा हेही सांगतो. घेर 44 च्या पुढे असेल तर सरप्लसमध्ये महिनोन्महिने शोधत बसाल. उंची सहा फुटांच्या वर असेल तरी तेच. स्वतःचं लग्न असेल तर नवाच घ्या, जमलं तर 16 औंसाचा, आणि आठ आठवड्यांच्या हिशेबाने आधी माप द्या. किल्ट पुण्या-मुंबईला नेऊन तिथे नेसायचा असेल तर दोन किलोंची जाड लोकर अंगावर सहन होणार नाही, तिथे माझा 13 औंसवालाच बरा. गेल्या वर्षी मावसभावाच्या रिसेप्शनला मी तोच नेला होता आणि इस्त्रीला वेळ काढला होता.

बाकी इथल्या थंडीत, बसने जाऊन, तासभर खुर्चीत बसून, मग रात्री उशिरापर्यंत नाचून परत यायचं असेल तर माझा हात आपोआप जाड किल्टकडे जातो. 25 जानेवारीला बर्न्स सपर, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवसाची मेजवानी आहे. जाड किल्ट दाराच्या खुंटीवर कालपासूनच ब्रश करून टांगलेला आहे.