बोटीवर जाणाऱ्यांनो, ‘एकदाच भरा’ म्हणून विकलेली पेन्शन पॉलिसी आधी तपासा

विदेशी क्रूझ कंपनीत कुक, वेटर, केबिन स्टुअर्ड म्हणून जाणाऱ्याला पगार डॉलरमध्ये मिळतो, पण बहुतेकांचा इथला प्रॉव्हिडंट फंड कापला जात नाही. करार सहा ते नऊ महिन्यांचा, मधली सुट्टी बहुधा बिनपगारी. म्हातारपणाची तजवीज ज्याची त्यानेच करायची. हे एजंटलाही पक्कं ठाऊक असतं.

गोव्यातल्या डिचोलीच्या एका कुटुंबाच्या बाबतीत घडलं ते असं. मुलगा चवथीला घरी आलेला, जॉइनिंगला आठ दिवस उरलेले, मेडिकल आणि व्हिसाची धावपळ. ओळखीतला एजंट घरी आला. “दोन लाख एकदाच भर, साठीनंतर दरमहा पेन्शन. एफडीच समज.” एनआरई खात्याचा (अनिवासी भारतीयाच्या परदेशी कमाईचं बँक खातं) चेक गेला. फॉर्म एजंटने भरला आणि मोबाइल, ईमेलच्या रकान्यात स्वतःचेच टाकले, कारण काय तर “बोटीवर रेंज नसते.” त्यामुळे विमा कंपनीचा पडताळणीचा फोनही त्यालाच गेला.

बाँड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, आला तेव्हा मुलगा समुद्रावर. आईने लिफाफा न फोडता कपाटात नीट जपून ठेवला. आतल्या तक्त्यात स्पष्ट छापलं होतं: हप्ता दोन लाख, वार्षिक, हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं. म्हणजे एकूण 20 लाख! बाँड हाती पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, मेडिकल आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकीचे पैसे मिळतात. आता कायद्याने हे 30 दिवस आहेत, पण ते कपाटातच सरतात. जॉइनिंगच्या तोंडावर सही घेतली जाते ती याचसाठी.

दुसऱ्या हप्त्याची तारीख सुट्टीत आली, पगार बंद. वाढीव मुदत उलटली आणि पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली. ही पारंपरिक पॉलिसी नियम बदलण्याआधीची, म्हणजे ऑक्टोबर 2024 पूर्वीची, आणि भरलेला हप्ता एकच. सरेंडर करून, म्हणजे मुदतीआधी परत देऊन, हाती काहीही आलं नाही. नव्या पॉलिसींत पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर थोडी रक्कम मिळते, तीही भरलेल्यापेक्षा कमी. युलिप (शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) असेल तर पैसे पाच वर्षं अडकतात. एजंटचं मोठं कमिशन मात्र पहिल्या हप्त्यातच सुटलेलं असतं, पुढे पॉलिसी बुडाली तरी त्याचं फारसं बिघडत नाही.

यावरही भागत नाही. लॅप्स झालेल्यांना फोन येतो: “इर्डातून बोलतोय, बोनस अडकलाय, जीएसटी भरा म्हणजे सोडतो.” इर्डा ही विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था आहे, ती पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही. एक रुपयाही पाठवू नका.

सही सुट्टीच्या पहिल्या आठवड्यांत करा, शेवटच्या नव्हे. फॉर्मवर ईमेल स्वतःचा आणि मोबाइल घरच्या माणसाचा द्या. लिफाफा आला त्याच दिवशी फोडून तक्त्याचा फोटो बोटीवर पाठवायला सांगा. एजंट दाखवतो त्या कागदावरचे 4 आणि 8 टक्के परताव्याचे आकडे गृहीत धरलेले असतात. त्यातला 8 चा आकडा तो हमी म्हणून सांगू लागला, तर तिथेच उठा.

कमाई सलग नसेल त्याला एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) जास्त सोयीचं वाटतं. अनिवासी भारतीयाला एनआरई किंवा एनआरओ (भारतातल्या कमाईचं) खात्यातून ते उघडता येतं, ठरलेला हप्ता नसतो, जमेल तेव्हा भरता येतं. पैसा मात्र बरीच वर्षं अडकतो, हे धरून चला. पीपीएफ अनिवासींना नव्याने उघडता येत नाही. आधीचं खातं 15 वर्षांची मुदत संपेपर्यंत चालवता येतं.

फसगत झालीच असेल तर आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. फॉर्मची प्रत मागा. त्यावरचा परका मोबाइल नंबर हाच तुमचा मोठा पुरावा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइन असल्याने बोटीवरूनही करता येते.